नवव्या गोळ्याचा दाखला

सन्माननीय अध्यक्ष श्री. मुरलीधरजी दंडिगे, व्यासपीठावर बसलेले बेलगढ किल्ला संग्रहालयाचे प्रभारी अधिकारी श्री. आल्हाद वाघोलीकर, मंडळाच्या कार्यवाह सौ. दीपाताई, आज जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती प्रतिमा खेडीकर, आणि दीक्षितपुऱ्यातून चालत, रिछाईहून स्कूटरवर, खमरियाहून बस बदलत इथे पोहोचलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्तीला मी एकेरी हाक मारली. श्रीमती प्रतिमाताई म्हणायचा सराव घरी केला होता. जमला नाही. ती मला दादा म्हणते आणि मी तिला प्रतिमा म्हणतो, एकोणतीस वर्षं हेच चालत आलं आहे. अध्यक्ष महोदयांनी सांभाळून घ्यावं.

दीपाताईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. ती पुरणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. कार्यक्रमपत्रिकेत माझं भाषण आठवं होतं. आज सकाळी मी दीपाताईंना फोन करून ते सातव्याच्या आधी मागून घेतलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, पाठ दुखते, फार वेळ बसवत नाही. ते खोटं होतं. सातवा कार्यक्रम आहे दालनाची किल्ली प्रतिमाच्या हातून आल्हादच्या हातात देण्याचा. मला त्याच्या आधी बोलायचं होतं.

का, ते सांगतो. पण आज निरोप आहे तिचा, तेव्हा आधी तिच्याविषयी.

आपल्यापैकी बहुतेकांनी बेलगढ पाहिला आहे. बरेल्याच्या पुढे डावीकडे फाटा फुटतो, मग चार किलोमीटर कच्चा रस्ता, मग एकसष्ट पायऱ्या. गोंड राजांनी बांधला, नागपूरकरांच्या फौजेने राखला, इंग्रजांनी त्यात दारूगोळा ठेवला. पुढे बरीच वर्षं तिथे सरकारी धान्याचं गोदाम होतं. शहाण्णव साली त्याचं संग्रहालय झालं आणि त्याच साली प्रतिमा तिथे कामाला लागली. पद दालन परिचराचं. म्हणजे दार उघडायचं, झाडायचं, लोकांवर लक्ष ठेवायचं, दार लावायचं. एवढंच काम. हे काम कसं करता येतं, ते तिच्याकडे पाहून कळतं.

तिच्या कमरेला दोन पिशव्या असतात. एकीत चिंचोके. माणूस दालनात शिरला की एक चिंचोका उजव्या पिशवीतून डावीत, माणूस बाहेर पडला की डावीतून उजवीत. पहिल्याच वर्षी एका कुटुंबाची आजी आत राहून गेली होती आणि बाहेरून कुलूप पडलं होतं. तासाभराने ती सापडली. तेव्हापासून चिंचोके. पुढे तिकिटाला यंत्र आलं, कॅमेरे आले. एक मोठे साहेब भोपाळहून तपासणीला आले होते. ते हसून म्हणाले, "दीदी, अब तो कैमरा गिन लेता है." प्रतिमा म्हणाली, "गिनता है साहब, पर किसी के लिए रुकता नहीं."

शाळेची मुलं आली की ती दारातच थांबवायची. "हाथ पीछे, बच्चों. किला बूढ़ा है, इसको गुदगुदी होती है." मुलं हात मागे बांधायची आणि भिंतीला गुदगुल्या होतात का ते पाहायची. तुम्ही हसता आहात. तुमच्यातल्या निम्म्यांनी तिथे हात मागे बांधलेले आहेत. आल्हाद, तूही. आज तू तिचा साहेब आहेस, पण अठ्ठ्याण्णवच्या सहलीतला तुझा फोटो मंडळाच्या अल्बममध्ये आहे. तू एका तोफगोळ्यावर बसला आहेस. सहाव्या.

सहाव्या गोळ्यावर बसलास हे बरं झालं.

पाणी नको, दीपाताई. बोलू द्या.

आमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'इतिहासप्रेमी' असं छापलं आहे. हे कुठून आलं, ते मला माहीत आहे. दर हिवाळ्यात मंडळाची सहल बेलगढला जाते. सगळे तटाखाली भरीत-भाकरीला बसतात आणि मी शस्त्रांच्या दालनाच्या दाराशी उभा असतो. पोरं आत-बाहेर करत असतात, मी जागचा हलत नाही. मुरलीधरजी मागून ओरडायचे, "चिंतामणी, तुला तिथलाच शिपाई करून टाकू का रे?" कोणीतरी म्हणायचं, राहू द्या, माणसाला इतिहासाची आवड आहे.

मला इतिहासाची आवड नाही. मला त्या किल्ल्यातला एकही राजा नावाने सांगता येणार नाही. त्या दालनात चौदा तोफगोळे आहेत आणि मी त्यातल्या एकापाशी उभा असायचो. एवढंच.

आता मूळ गोष्ट.

मी आयुष्यभर दारूगोळ्याच्या एका कारखान्यात परीक्षक होतो. या शहरात असे कारखाने पुष्कळ. माझा कोणता, ते इथे सांगत नाही, कारण दोष कारखान्याचा नव्हता. कारखान्याचा नियम बरोबर होता. तो मी मोडला.

शहाण्णव साली किल्ल्यातली जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, उपसली. तळाच्या गाळात इंग्रजांच्या वेळचे चौदा तोफगोळे निघाले. हातभर लांबीचे, लोखंडी, गंजलेले. नव्या संग्रहालयाला ते मांडायचे होते. पण गोळा मांडायचा तर तो रिकामा आहे असा दाखला लागतो. आमच्याकडून माणूस मागवला. मी गेलो. तारीख चार सप्टेंबर.

काम अवघड नाही. गोळ्याच्या तोंडाशी एक प्लग असतो. तो पितळी पान्याने फिरवून काढायचा. पितळी अशासाठी की ठिणगी पडू नये. आत दिवा धरायचा, लाकडी काठी घालून तळ गाठायचा, मग वजन करायचं, अंगावर नंबर आणि शिक्का मारायचा आणि नोंदवहीत लिहायचं. लिहायला मला एक मुलगी दिली होती. नोकरीला लागून तिला तीन आठवडे झाले होते. अक्षर चांगलं होतं. तीच ही.

आठ गोळे झाले. मी सांगत होतो, ती लिहीत होती. नववा उघडेना. प्लग गंजून धरला होता. तेल सोडलं, थांबलो, पुन्हा जोर लावला. हलला नाही. वजन केलं. काटा इतरांपेक्षा थोडा पुढे गेला.

जो उघडत नाही तो भरलेला. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं हे पहिलं वाक्य. असा गोळा बाजूला ठेवायचा, वाळूत ठेवायचा, दुसरी माणसं बोलवायची, ती येईपर्यंत जागा सोडायची नाही. दोन दिवसांचं काम वाढतं. बाकी काही नाही.

त्या संध्याकाळी इथे तालीम होती. याच सभागृहात, या मागच्या पडद्यापाशी. गणपतीला दहा-बारा दिवस उरले होते. मंडळाच्या नाटकात मला हवालदाराचं काम होतं. चार वाक्यं. आदल्या दोन तालमींना मी पोहोचलो नव्हतो आणि दिग्दर्शकांनी, म्हणजे आपल्या मुरलीधरजींनी, निरोप धाडला होता की आज आला नाहीस तर हवालदार दुसरा. शेवटची बस तेव्हा पायऱ्यांखालूनच साडेचारला होती. सव्वातीन वाजले होते. पाच गोळे बाकी होते.

मुरलीधरजी, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्हाला काय ठाऊक. तालीम बोलावणं हे तुमचं काम होतं.

मी म्हटलं, वजन जास्त आहे ते बावडीच्या गाळाचं. आत गाळ बसला असेल. हे मी मोठ्याने म्हटलं, म्हणजे तिला ऐकू जावं असं. मग सांगितलं, "नऊ नंबर. रिकामा."

तिने लेखणी उचलून विचारलं, "उघडला नाही न, दादा?"

मी म्हटलं, "लिही."

तिने लिहिलं. मी शिक्का मारला. बाकीचे पाच नीट उघडून पाहिले, अगदी नियमाने. साडेचारची बस मिळाली. नाटक झालं. बरं झालं म्हणतात. त्या चार वाक्यांपैकी मला आज एकही आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी परत का गेला नाहीस? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की त्याला आता धार राहिली नाही. दुसऱ्या दिवशी कागद साहेबांच्या टेबलावर होता. तिसऱ्या दिवशी संग्रहालयात गेला होता. कागद मागे घ्यायचा तर आपणच आपल्याविरुद्ध लिहायचं. आणि खरं सांगू? बहुतेक तो रिकामाच होता. आजही बहुतेक रिकामाच आहे. शंभरात नव्वद वेळा असतो. या 'बहुतेक'वर मी एकोणतीस वर्षं राहिलो.

प्रतिमाने मला पुढे कधी काही विचारलं नाही. पण दालन लागलं तेव्हा गोळे ओळीने लाकडी घोड्यांवर, म्हणजे बुटक्या तिवयांवर, मांडले होते, मुलांनी बसावं, फोटो काढावेत असे, आणि नवव्यापुढे कोरफडीची मोठी कुंडी होती. बाकी तेरांपुढे काही नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, तिथे ऊन चांगलं येतं. त्या कुंड्या बदलत गेल्या. जागा तीच राहिली.

ती कुंडी पाहिली की मला कळायचं की तिला माहीत आहे. आणि मी दाराशी उभा असलो की तिला कळायचं की मला माहीत आहे. आम्ही एकमेकांना नमस्कार करायचो. "बरं आहे न, दादा?" "बरं आहे." आणि आत तुमची मुलं.

हे मी आज का बोलतो आहे? आल्हाद, घड्याळ पाहू नकोस बाळा. थोडं राहिलं आहे.

गेल्या डिसेंबरात, बारा तारखेला, दुपारी मला प्रतिमाचा फोन आला. ती फोनवर कधी लांबण लावत नाही. म्हणाली, "दादा, नऊ नंबरच्या खाली डाग आला आहे. घोडीच्या लाकडावर. तांबूस. चिकट लागून राहिला हाताला."

असा डाग कशाचा असू शकतो, ते मला माहीत आहे. जुना दारूगोळा कधीकधी पाझरतो. पण तो गंजाचाही असतो. मीच त्या दिवशी सोडलेल्या तेलाचाही असेल. मी म्हटलं, "तेल असेल."

ती म्हणाली, "एकोणतीस वर्षांनी?"

मी म्हटलं, "असतं कधी कधी."

"अच्छा," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या वेळी दालनात त्रेचाळीस माणसं होती. तिने त्यांना बाहेर घेतलं. गडबड नाही, आरडाओरड नाही. छताचं काम निघालं म्हणाली. त्रेचाळीस चिंचोके परत उजव्या पिशवीत आले तेव्हा तिने कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली. कोणाला विचारलं नाही.

पुढचं तुम्ही पेपरात अर्धवट वाचलं असेल. ऐन हंगामात शस्त्रांचं दालन बंद. परवानगीशिवाय. आल्हादने तिला विचारलं. तो वाईट माणूस नाही, त्याच्यावर वरून दबाव होता. त्याने तिला जुना दाखला दाखवला. "दीदी, कागज़ है ना. सही आहे, शिक्का आहे. फिर?" ती म्हणाली, मला शंका आली. "शंका कशावरून?" डागावरून. त्याने घोडीवरचा डाग पाहिला. डागासारखा डाग. तिला नोटीस गेली. तिने उत्तरात एकच ओळ लिहिली: मला शंका आली, म्हणून बंद केलं.

माझं नाव तिने लिहिलं नाही. शहाण्णवचं काहीच लिहिलं नाही.

मग संग्रहालयाने मला पत्र पाठवलं. सभ्य पत्र. आपण दिलेला दाखला योग्य तपासणीनंतर दिला होता काय, कृपया कळवावे. उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. माझी पत्नी इंदिरा समोर बसली आहे. तिने विचारलं होतं, "तीन ओळींना तीन दिवस?" अकरा फेब्रुवारीला मी लिहून पाठवलं: दाखला सर्व चौदा गोळ्यांच्या योग्य तपासणीनंतर दिला होता.

म्हणजे पहिल्यांदा माझ्या हातून घाईत चूक झाली, असं कोणी म्हणू शकेल. दुसऱ्यांदा घाई नव्हती.

त्या उत्तरावर निर्णय झाला. प्रतिमाच्या सेवापुस्तिकेत शेवटच्या पानावर ताकीद लिहिली जाणार आहे: विनाकारण घबराट, कर्तव्यात कसूर. आल्हादने एवढं केलं की तो कागद आजच्या कार्यक्रमानंतर द्यायचं ठेवलं. निरोपाच्या दिवशी शोभत नाही म्हणून. आणि उद्या सकाळी दहा वाजता दालन उघडणार आहे. दोन शाळांनी नावं दिली आहेत.

फेब्रुवारीपासून माझं एक विचित्र झालं आहे. घरातली प्रत्येक बरणी मी उघडून बघतो. डबे, बाटल्या, देवघरातली कुपी. इंदिरा म्हणते, "लोणचं खायचं असेल तर खा, दर तासाला काहून बघून राहिले?" मी झाकण लावतो आणि पुढच्या डब्याकडे जातो. एका जागी बसवत नाही. पाठीचं मी खोटं सांगितलं. बसवत नाही हे खरं होतं.

गेल्या बुधवारी मी बेलगढला गेलो. एकटाच. सहल नाही, काही नाही. बसने फाट्यापर्यंत, मग चालत. तिकीट काढलं. प्रतिमा खिडकीपाशीच होती.

"तिकीट काढून आले? दादा, तुमचा तर फोटो लावायला पाहिजे भिंतीवर."

मी म्हटलं, "लाव. आधी दालन उघड."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चालू लागली. सगळं संग्रहालय ओलांडून जावं लागतं. नाण्यांचं दालन, मूर्तींचं दालन, राणीचा म्हणतात तो पाळणा. मी काहीच पाहिलं नाही. पायाखालची फरशी तेवढी आठवते. तिने कुलूप काढलं, दार ढकललं आणि आत गेली. खिडकीतून उजेड येत होता. चौदा गोळे. कुंडी. तिने कमरेचं फडकं काढलं आणि जाता जाता पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गोळ्यावरून फिरवलं. नवव्यापाशी गेली आणि वळली.

"या न."

मी उंबऱ्याबाहेर होतो.

"काहून उभे राहिले? या, डाग पाहा. तेल आहे की काय ते तुम्हीच सांगा."

मी अडतीस वर्षं अशा खोल्यांत काम केलं आहे. भरलेल्या गोळ्यांच्या रांगांमधून डबा घेऊन जेवायला गेलो आहे. मला भीतीची सवय आहे. आत पाऊल टाकायचं मी ठरवलं. पाऊल उचललं नाही.

मी म्हटलं, "तू बाहेर ये आधी."

"काहून? कागद आहे न तुमचा."

हे तिने रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती खिडकीची कड पुसत राहिली.

मी विचारलं, "इथे रोज येतेस?"

"रोज. झाडून कोण काढेल? कुलूप लावलं म्हणून धूळ थोडीच थांबते."

"भीती नाही वाटत?"

"वाटते न. म्हणून तर दुसऱ्या कोणाला नाही पाठवत."

मग मी तिला तो प्रश्न विचारला, जो मला विचारायचा अधिकार नव्हता. म्हटलं, नोटिशीच्या उत्तरात माझं नाव काहून नाही लिहिलंस? तू तिथे होतीस. तू विचारलं होतंस मला. तू पाहिलं होतंस.

ती दारापाशी आली. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर मी.

"मी लिहिलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. तुमचा शिक्का आणि माझी शंका. कोणाचं चाललं असतं?" म्हणाली. "आणि दादा, ते माझ्या तोंडून काहून? तोंड तुम्हाला आहे न."

मग ती बाहेर आली, कुलूप लावलं आणि म्हणाली, "चलो, चहा पिऊन जा. बसला वेळ आहे."

आम्ही चहा प्यायलो. ती तिच्या बागेतल्या लिंबाविषयी बोलली. निवृत्तीनंतर रोपं विकायचा तिचा विचार आहे. मी हो हो म्हणत होतो.

मित्रहो, ज्या दालनात जायला माझं पाऊल उचललं नाही, ते सुरक्षित आहे असं मी दोनदा लिहून दिलं आहे. उद्या दहा वाजता तिथे मुलं जातील आणि उंबऱ्यावर त्यांना थांबवायला ही बाई नसेल. कुंडी कोणाच्या लक्षात राहील? पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ती उचलून पायरीवर नेईल, शोभेसाठी.

म्हणून मी हे लिहून आणलं आहे. वाचतो.

"मी, चिंतामणी दाभाडकर, निवृत्त परीक्षक, असे लिहून देतो की चार सप्टेंबर एकोणीसशे शहाण्णव रोजी बेलगढ येथील चौदा तोफगोळे रिकामे असल्याचा दाखला मी दिला. त्यापैकी तेरा मी उघडून पाहिले. नऊ नंबरचा उघडला नाही. तो रिकामा आहे की भरलेला, हे मला माहीत नव्हते व आजही माहीत नाही. त्याच्यापुरता तो दाखला आणि यंदाच्या अकरा फेब्रुवारीचे माझे उत्तर, दोन्ही मी मागे घेतो. तो भरलेला आहे असे समजून पुढील व्यवस्था व्हावी. श्रीमती प्रतिमा खेडीकर यांनी बारा डिसेंबर रोजी दालन बंद केले, ते योग्य होते. त्यांनी शहाण्णव साली मला वेळीच विचारलेही होते."

दोन प्रती आहेत. एक अध्यक्षांकडे देतो. मुरलीधरजी, ठेवा. दुसरी आल्हाद, तुझ्यासाठी.

काय म्हणालास? माइकपाशी ये, लोकांना ऐकू दे. येत नाहीस, तर मीच सांगतो. आल्हाद म्हणतो आहे, "काका, ये बाद में बैठके बात करते हैं ना. आज फंक्शन है."

नाही बाळा. नंतर बसून बोलायचं तेच मी एकोणतीस वर्षं करत आलो. त्यात कोणाचं वाईट झालं नाही, हे नशीब. आता बोल. उद्या दालन उघडणार का?

मान हलवलीस. सभागृहाने पाहिलं. पण आपण दोघंही कागदाची माणसं आहोत. मान फाइलमध्ये लागत नाही. खाली लिही: मिळालं, दालन बंद राहील, पोलिसांच्या बॉम्बनाशक पथकाला आजच कळवतो. आणि तो ताकिदीचा कागद तुझ्या खिशात आहे, मला माहीत आहे. तो काढ. फाडू नकोस, फाडलेला कागद पुन्हा टाइप होतो. त्याच्यावरच लिही, रद्द. तारीख घाल.

पेन नाही? दीपाताई, पेन द्या त्याला.

तो लिहितो आहे तोवर प्रतिमाला दोन शब्द. प्रतिमा, तुझा निरोप समारंभ मी बिघडवला. तुझ्या शालीचा, श्रीफळाचा, दोन कौतुकाच्या शब्दांचा वेळ मी खाल्ला. तुझ्याविषयी बोलायला उभा राहिलो आणि अर्ध्याहून जास्त स्वतःविषयी बोललो. तुला हे आवडलेलं नाही, ते दिसतं आहे. तू मघापासून पदराचं टोक गुंडाळते आहेस. मी तुझी क्षमा मागणार नाही. मागितली तर तुला काहीतरी म्हणावं लागेल, चार लोकांत, आणि तू 'बरं आहे, दादा' असंच म्हणशील. ते मला सोपं जाईल.

सही झाली? दाखव. 'आजच कळवतो' असं लिहिलं आहेस. फोन आता लाव, बाहेर जाऊन. जा. आम्ही थांबतो.

सातवा कार्यक्रम आज होणार नाही, असं मला वाटतं. पण तो निर्णय अध्यक्षांचा. किल्ली कोणाकडे राहावी, तेही त्यांनी आणि पोलिसांनी ठरवावं. माझं मत कोणी विचारू नये.

या कारवाईत माझ्यावर जे यायचं ते येईल. मी दीक्षितपुऱ्यातच असतो, पत्ता सगळ्यांना माहीत आहे. आमंत्रणपत्रिकेत छापलेला 'इतिहासप्रेमी' हा शब्द दीपाताईंनी पुढच्या वेळी काढून टाकावा.

मंडळाने मला बोलायला उभं केलं, अध्यक्षांनी क्रम बदलू दिला, सात मिनिटांची वीस झाली तरी कोणी घंटा वाजवली नाही, मागच्या रांगेत लहान मुलंसुद्धा शांत बसली, याबद्दल सर्वांचा आभारी आहे. व्यासपीठावरच्या कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाला एकेरी बोललो असेन, बोलताना माझा तोल गेला असेल, तर ते वयाच्या खात्यावर टाकून विसरून जा. नवव्या गोळ्याचं मात्र विसरू नका, आणि माफही करू नका.

नमस्कार.